कोंबडीचे पाय

मराठी भाषा दिन होता म्हणून तारीख पक्की लक्षात आहे, २७ फेब्रुवारी २०१९, बुधवार. चिऊ तेव्हा पहिलीत होती, शाळेत नऊवारी घालून गेली होती (ती रेडिमेड शिवलेली, नाडीवाली) आणि ज्या चार ओळी आम्ही घरात आठवडाभर ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या त्या एका दमात म्हणून आली होती. आदल्या दिवशी पहाटे बालाकोटचा हवाई हल्ला झालेला, त्या दिवशी आपला वैमानिक अभिनंदन तिकडे पाकिस्तानात पडल्याची बातमी, आणि वर नाशिकमधे कळलं की आपल्या इथलाच एक स्क्वाड्रन लीडर बडगामला हेलिकॉप्टर पडून गेला. सगळ्या घरांत टीव्ही चालू, जिन्यातून जाताना प्रत्येक दारामागून तोच अँकर ओरडताना ऐकू येत होता. सोसायटीतल्या आयांचा आमचा जो ग्रुप आहे, ज्यात एरवी डबेवाली बाई कोण चांगली आणि कुणाच्या मुलाला कांजिण्या आल्यात एवढंच चालतं, त्यावर नुसती विमानं उडत होती.

आणि त्या सगळ्या धबडग्यात, एका विमानाचा व्हिडिओ आणि कुणाच्या तरी तीन झेंड्यांच्या मधे, ती आली. मोमो.

ज्यांनी बघितलंय त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांनी सुखी राहावं, पण थोडक्यात, ताटल्यांएवढे डोळे, कानापासून कानापर्यंत फाटलेलं तोंड आणि चिकट काळे केस. खाली मराठीत लांबलचक मेसेज. सगळ्या पालकांनी सावध व्हा, ही बाई पेपा पिगच्या व्हिडिओत मधेच येते, मुलांना स्वतःला इजा करायला सांगते, आईवडिलांना सांगितलंस तर रात्री येईन म्हणून धमकावते, हा मेसेज प्रत्येक आईपर्यंत पोचवा. शेवटी हात जोडलेल्या सहा इमोजी.

आता खरं सांगते, मी दोन मिनिटं सुद्धा विचार केला नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तिसरीला गॅस बंद करायचा होता, चिऊ समोर हॉलमधे बसून काजळ पुसत होती, मी फोन घेऊन गेले आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"हे बघ चिऊ, असं काही कधी मोबाइलवर दिसलं ना, तर लगेच आईला सांगायचं. घाबरायचं नाही अजिबात."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग सांगायचं कशाला?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिसरी शिट्टी झाली म्हणून सुटले.

त्या रात्रीपासून पुढचे तीन आठवडे आमच्या घरात काय चाललं ते सांगते. चिऊ एकटी बाथरूमला जाईना. मी दाराशी उभी राहायचं, पण दार लावायचं नाही, दार लागू नये म्हणून मधे बादली, आणि मी खरंच तिथे आहे हे कळावं म्हणून तिने एक पद्धत काढली, ती आतून म्हणणार "एक", मी बाहेरून म्हणायचं "दोन", ती "तीन", मी "चार". मधेच मी भाजी ढवळायला गेले आणि "सोळा" म्हणायला अर्धा मिनिट उशीर झाला तर आतून असली किंकाळी यायची की खालच्या मजल्यावरच्या काकू वर यायच्या. वॉशबेसिनवरच्या आरशाला तिने स्वतः टॉवेल लावला. दात घासताना आरसा नको, कारण मागे ती असेल तर. चौऱ्याऐंशीपर्यंत गेल्याचं मला आठवतंय एकदा, पोट बिघडलं होतं त्या दिवशी.

नवरा म्हणाला, तू दाखवलंस कशाला. बरोबरच होतं त्याचं. मग त्याच्या फोनमधे बघितलं तर साहेबांनी तोच मेसेज स्वतःच्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवलेला, वर लिहिलेलं, खरंखोटं माहीत नाही पण काळजी घेतलेली बरी. ह्या एका वाक्यावर अख्खं व्हॉट्सॲप चालतं असं माझं मत आहे. खरंखोटं माहीत नाही पण काळजी घेतलेली बरी. ह्यात आपण मूर्ख पण ठरत नाही आणि बेफिकीर पण ठरत नाही.

तिसऱ्या का चौथ्या रात्री चिऊ एकदाची झोपल्यावर मी शोधायला बसले की ही बया आली कुठून. तर इंग्लंडमधे बोल्टनजवळ वेस्टहॉटन नावाचं एक गाव आहे, तिथल्या एका आईने फेब्रुवारीच्या मध्यात गावच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं की मुलाने शाळेत असं असं काहीतरी ऐकलं, बाकीच्यांनी लक्ष ठेवा. एवढंच. तिचा हेतू काय वाईट असणार, माझाच हेतू होता तो. मग तिथल्या पेपरने उचललं, मग शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी इशारा दिला, आणि २६ तारखेला किम कार्डाशियनने इन्स्टाग्रामवर टाकलं, म्हणजे झालंच. २७ ला यूट्यूब सांगत होतं की असे व्हिडिओ असल्याचा कुठलाच पुरावा आम्हाला मिळालेला नाही, आणि बरोबर त्याच संध्याकाळी मी इथे फोन घेऊन हॉलमधे निघाले होते. मुलांसाठी काम करणारी तिथली मोठी संस्था, एनएसपीसीसी, त्यांनी तर सांगितलं की ह्या मोमोबद्दल आम्हाला पालकांपेक्षा पत्रकारांचेच फोन जास्त आले.

म्हणजे कुठल्याही मुलाला पेपा पिग बघताना ही दिसली नव्हती. मुलांना ती दिसली ती शाळेच्या पत्रकात, टीव्हीच्या बातमीत, आणि आईच्या हातातल्या फोनवर.

त्याहून मला जे लागलं ते वेगळंच. ही मोमो आपल्याकडे पहिल्यांदा नव्हती आली. २०१८ च्या ऑगस्टमधे पण आली होती, तेव्हा व्हॉट्सॲप नंबरवरून चॅलेंज देते म्हणून, बंगालमधे त्यावरून बराच गोंधळ झाला होता आणि केंद्र सरकारने पालकांसाठी सूचना काढल्या होत्या. त्यात लक्षणं दिलेली, मूल मित्रांपासून लांब राहतं, उदास असतं, एकदम चिडतं वगैरे (ही सगळी लक्षणं आमच्या घरात फक्त नवऱ्याला आहेत, मार्चएंडला तर फारच). पण त्याच सूचनांमधे हे पण होतं की तुमच्या मुलाने ह्या खेळाबद्दल ऐकलंय अशी शंका असल्याशिवाय त्याच्याशी हा विषय काढू नका, बोलाल तर ते स्वतःहून शोधायला जाण्याची शक्यता वाढेल. सरकारी कागदात इतकं शहाणं वाक्य मी क्वचित वाचलंय. आणि ते वाक्य कुणीही फॉरवर्ड केलं नाही. का करेल? त्याला फोटो नव्हता.

ब्लू व्हेलच्या, म्हणजे मुलांना जीव द्यायला लावतो म्हणायचे त्या ऑनलाइन खेळाच्या वेळेला मी तशी बाहेरून बघणारी होते, कारण चिऊ तेव्हा पाच वर्षांची आणि फोन तिच्या लेखी फक्त बडबडगीतांसाठी. पण माझ्या जाऊबाईंचा मुलगा आठवीत होता. २०१७ चा जुलै संपता संपता अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला आणि दोन दिवसांत सगळीकडे ब्लू व्हेल, पन्नास दिवस, पन्नास टास्क, शेवटचा टास्क काय ते सगळ्यांना तोंडपाठ. विधानसभेत विषय निघाला, ११ ऑगस्टला केंद्राने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप सगळ्यांना पत्र लिहिलं की ह्या खेळाच्या लिंका काढून टाका. आता गंमत अशी की लिंक काढायची तर ती असायला हवी ना. डाउनलोड करून खेळायचा असा गेम नव्हताच तो. रशियात २०१६ साली तिथल्या एका वर्तमानपत्राने सोशल मीडियावरच्या काही ग्रुपांबद्दल मोठा लेख छापला होता, तिथून सगळं सुरू, एका तरुणाला अटक झाली, तीन वर्षं आणि काही महिने शिक्षा पण झाली त्याला, म्हणजे अगदीच काही नव्हतं असं नाही. पण आपल्या इथे जे आलं ती त्या लेखाची सावली होती. आणि तीही भाषांतरित.

तर जाऊबाई. रोज संध्याकाळी पोरगं क्लासवरून आलं की दारातच म्हणायच्या, "हात दाखव." मग तो दोन्ही बाह्या वर करणार, त्या बल्बखाली धरून मनगटापासून कोपरापर्यंत बघणार, देवमाशाचं चित्र वगैरे कोरलंय का. त्याच्या शाळेत पालकांना बोलावून एक पीपीटी दाखवली, त्यात ते पन्नास टास्क एकेक करून वाचून दाखवले म्हणे, मुलं मागे बसलेली. मग पोरांना जी माहिती नव्हती ती पण झाली.

आणि त्या पोराला त्या वर्षी खरंच त्रास होता. क्लासमधली दोघं-तिघं त्याच्या मागे लागलेली, सायकलची हवा सोडायची, डब्यात थुंकायची, बोलण्यावरून नाव ठेवलेलं. हे आम्हाला कळलं पुढच्या वर्षी, तेही गणपतीत त्याच्या मित्राच्या तोंडून. जाऊबाई रडल्या, म्हणाल्या, "मी तर रोज बघत होते रे तुला." तो म्हणाला, "तू हात बघत होतीस."

ह्याच्यावर कोणी काही बोललं नाही. मोदक खात बसलो सगळे.

जानेवारी २०१८ मधे संसदेत उत्तर आलं, आपल्या चंद्रपूरच्या हंसराज अहीरांनीच दिलं, ते तेव्हा गृहखात्याचे राज्यमंत्री होते. समिती नेमली होती, ज्या ज्या घटनांना ब्लू व्हेल चिकटवला होता त्यांतली इंटरनेटची, फोनची, कॉलची सगळी माहिती तपासली आणि एकाही घटनेत ह्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी पेपरात आत कुठेतरी एवढीशी होती. मला ती सव्वा वर्षाने सापडली, मोमोच्या नादात. ज्या घरांतली मुलं गेली त्यांचं दुःख खरंच होतं, पण ती का गेली हे विचारायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी उत्तर ठरवून टाकलं होतं, आणि उत्तर असं होतं की ज्यात घर, शाळा, मार्क, क्लास, बाप कोणाचाच हात नाही. एक मासा होता, तो आला आणि घेऊन गेला.

तसं बघायला गेलं तर हे काय आजचं आहे का. माझं माहेर सटाणा. आमच्या लहानपणी पोस्टकार्डं यायची, संतोषी मातेचं नाव घेऊन लिहिलेली, अशीच पत्रं अकरा जणांना पाठवा, अमक्याने फाडलं त्याचा बैल मेला. आई ती कार्डं फाडायची नाही आणि लिहायची पण नाही, देव्हाऱ्याच्या मागे खुपसून ठेवायची, म्हणजे मामला तिथेच मिटला. बसलेलं असायचं पाचसहा कार्डांचं भेंडोळं. मग शक्तिमानच्या काळात, तो वाचवायला येईल म्हणून पोरं जीव धोक्यात घालतात अशा बातम्या आल्या, त्यावरून आमचं रविवारचं शक्तिमान महिनाभर बंद होतं, शेवटी त्या शक्तिमानलाच पडद्यावर येऊन सांगावं लागलं की बाळांनो असं काही करू नका. कुठे पूल बांधायला घेतला की त्याच्या पायात पोर पुरावं लागतं म्हणून पोरं धरणारे फिरतायत, ही तर दर दोन वर्षांनी असायचीच. पूल कुठलाही चालायचा. गिरणेवर, मोसमवर, नाहीतर सरळ मुंबईला.

आणि ह्या सगळ्यांच्या वर आमचा घरगुती, कायमस्वरूपी, बारमाही माणूस म्हणजे गोसावी.

भगवी नाहीतर मळकी पगडी, गळ्यात माळा, खांद्याला झोळी, हातात डमरू. सुगीच्या दिवसांत यायचे, कधी एकटे, कधी चारपाच जण. दारात उभं राहून डमरू वाजवून भैरवनाथाचं काहीतरी म्हणायचे, आजी सुपातून बाजरी नाहीतर पीठ आणून झोळीत घालायची, डोक्याला पदर घेऊन. आणि तीच आजी, पीठ घालून मागे वळली की मला म्हणायची, "जेवली नाहीस ना, तर देऊन टाकेन त्याला. बघ केवढी झोळी आहे." मी निमूट भाकरी संपवायचे. ह्यात आजीला काही विसंगत वाटायचं नाही, मलाही नाही वाटलं कितीतरी वर्षं. तो पुण्य मिळवायला पण कामाचा होता आणि पोरं जेवू घालायला पण.

हे मला कधी आठवलं तर २०१८ च्या जुलैत.

राईनपाडा सटाण्यापासून फार लांब नाही. ताहराबादवरून पिंपळनेरकडे जायचं, साक्री तालुका, धुळे जिल्हा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. त्यांच्यातला कोणीतरी एका लहान मुलीशी बोलला म्हणे. पोरं धरणारी टोळी म्हणून बाजारात ओरड झाली, लोकांनी त्यांना धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे पाचही जणांना ठेचून मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले आणि तेही फिरले. त्याच रात्री मालेगावात लहान बाळासकट एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं, नाहीतर तिथेही तेच.

त्या महिन्यात आमच्या ग्रुपवर जो व्हिडिओ दिवसाला चार वेळा येत होता तो मी पण बघितला होता. मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांमधून एकाला उचलतात आणि जातात. कुणी लिहायचं मालेगाव, कुणी लिहायचं बीड. तो व्हिडिओ कराचीतला आहे. रोशनी हेल्पलाइन म्हणून हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी तिथली संस्था आहे, तिने २०१६ मधे केलेली जाहिरात. त्या जाहिरातीत पुढे ते दोघं परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात, की बघा, मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. म्हणजे मुलांच्या काळजीपोटीच केलेली. फक्त आमच्याकडे पोचेपर्यंत कुणीतरी शेवट कापला होता, पोर उचललं तिथे व्हिडिओ संपायचा.

व्हॉट्सॲपने त्या महिन्यात पेपरांमधे पानभर जाहिराती दिल्या, भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. पाच. राईनपाड्यात गेलेलेही पाच.

आणि मी काय केलं होतं? मी तो कराचीचा व्हिडिओ आईला पाठवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिऊ तिच्याकडे सटाण्याला होती म्हणून. वर लिहिलं होतं, चिऊला एकटीला ओट्यावर सोडू नको. आईने शेजारच्या मावशींना दाखवला असणार, मावशींनी पुढे. मी पाठवला तो मे महिना होता, आणि माझ्या एका मेसेजने काही झालं असं मी म्हणत नाही, कुणी तसं म्हणूही शकणार नाही, पण सटाणा ते पिंपळनेर एसटी जाते आणि तिच्यात सगळ्यांच्या हातात फोन असतात. एवढं सगळं माहीत असून पुढे फक्त आठ महिन्यांनी मी मोमो घेऊन हॉलमधे गेले. माणूस शिकतो वगैरे जे म्हणतात त्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

मोमोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

मार्चमधे तिच्या कर्त्याची मुलाखत आली. जपानमधे केइसुके आइसो नावाचा माणूस आहे, सिनेमा-टीव्हीसाठी असल्या भयानक बाहुल्या करणं हा त्याचा धंदा. त्याने २०१६ मधे टोकियोत गिंझाला एका गॅलरीत भुतांच्या प्रदर्शनात हा पुतळा ठेवला होता, नाव 'मदर बर्ड'. त्यांच्याकडे उबुमे म्हणून भूत आहे, बाळंतपणात मेलेली बाई, ती पक्ष्याच्या रूपात परत येते. वाचून मी हसलेच, अगं ही तर आपली अळवंतीण! आपल्याकडची पण तशीच, पोटुशी नाहीतर बाळंतपणात गेलेली, फक्त तिचे पाय उलटे असतात. तर तो आइसो म्हणाला, रबराचा होता पुतळा, टिकवण्यासाठी केलाच नव्हता, सडला, मी फेकून दिला, मुलांना सांगा मोमो मेली. एक डोळा तेवढा ठेवलाय म्हणाला, पुन्हा कधी लागला तर.

आणि त्या बातमीत पूर्ण पुतळ्याचा फोटो होता. आम्ही सगळ्यांनी जो बघितला तो फक्त चेहरा, अगदी जवळून कापलेला. अख्खी बाई बघितली तर ती केवढीशी, हात नाहीतच, आणि मानेखाली थोडं धड की लगेच पाय. पिवळट, खवल्यांचे, तीन बोटांचे. कोंबडीचे.

दाखवू की नको ह्यात दोन दिवस गेले. एकदा दाखवून पस्तावलेली बाई मी. शेवटी एका रविवारी दुपारी, उजेडात, नवरा घरी असताना, लॅपटॉपवर, आधी चेहऱ्यावर हात ठेवला आणि फक्त पाय दाखवले.

"हे कुणाचे पाय?"

"कोंबडीचे."

मग हात काढला. चिऊने श्वास घेतला, नवऱ्याचा शर्ट धरला, आणि मग एकदम म्हणाली, "हिला हातच नाहीत!" मग थोडं थांबून, "मग ही दार कशी उघडेल?" आणि मग ती जी हसत सुटली, कॉटवर आडवी पडून, "आई, ती दार कशी उघडेल, ती चोचीने उघडेल, तिला चोच पण नाही." त्या संध्याकाळी आरशावरचा टॉवेल निघाला. बादली अजून आठवडाभर होती, उगाच रिस्क नको म्हणून.

आमची मोमो रबराची निघाली हे आमचं नशीब. तिला कुणी बाजारात धरू शकत नव्हतं. कोंडायला खोली नव्हती, मारायला अंग नव्हतं, म्हणून ते प्रकरण हसण्यावारी गेलं. पण ते मेसेज फिरवताना माझं, जाऊबाईंचं, राईनपाड्याच्या बाजारातल्या आयाबापांचं, आतून जे होत होतं ते मला तरी वेगळं वाटत नाही. पोटात एक गोळा असतो, त्याला चेहरा लागतो. जो हाताशी येईल तो.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सटाण्याला गेलो. भाऊबीजेनंतरची गोष्ट, आई अंगणात बसून कांद्याचं रोप निवडत होती, मी फराळाचे डबे रिकामे करत होते, चिऊ ओट्यावर. आणि फाटकाशी डमरू वाजला नाही. तेच सांगायचंय, डमरू वाजला नाही. माणूस आला, पन्नाशीचा असेल, पगडी, माळा, डमरू झोळीतून बाहेर डोकावत होता, पण तो वाजवायच्या आधी त्याने बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आधार कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. "माय, कार्ड बघून घ्या. चौकीत नोंद केलीय." आवाज पाठ केल्यासारखा.

आई म्हणाली, "कार्ड काय करू बाबा मी, बस सावलीला," आणि पीठ आणायला आत गेली.

चिऊ माझ्या मागे आली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, मी तरी शपथेवर कधी म्हटलेलं नाही झोळीबद्दल, पण ती झोळीकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "ह्यात काय आहे?" मी दटावणार होते, पण तो माणूस आधी माझ्याकडे बघायला लागला. पोरीशी बोलू का, असं विचारत होता तो, नजरेने. मी मान हलवली. तेव्हा त्याने झोळी जमिनीवर ठेवली, स्वतः दोन पावलं मागे सरकला आणि तिथून म्हणाला, "बघ बेटा." आत दोन गाठोडी होती, एक बाजरीचं एक पिठाचं, जुना स्वेटर, पाण्याची बाटली, आणि काळ्या वायरची गुंडाळी.

"चार्जर आहे," चिऊ म्हणाली, जरा निराशच होऊन.

"लावू का ताई दहा मिनिटं?" त्याने विचारलं. बटणांचा साधा फोन होता. मी ओट्यावरच्या प्लगला लावला.

कार्ड अजून त्याच्या हातातच होतं. चिऊला तेव्हा जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं वेड लागलं होतं, दुकानांच्या पाट्या, बिस्किटाची पुडकी, एसटीचे बोर्ड. ती पुढे झाली, मान वाकडी केली आणि एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. नाव वाचलं, मुक्काम पोस्ट वाचलं. "ता-लु-का. मं-ग-ळ-वे-ढा. आई, मंगळवेढा कुठे आहे?"

तो माणूस खाली बघत होता. आई पिठाचं सूप घेऊन पायरीवर आली होती, ती तिथेच थांबली.

"लांब आहे," मी म्हटलं.

"केवढं लांब?"

"अगं पीठ सांडतंय, झोळी धर त्यांची," आई म्हणाली, आणि चिऊने दोन्ही हातांनी झोळीचं तोंड उघडून धरलं.